गोष्टीची मूठ

तुमच्या टोळीचा नियम काय, असं कापूस वेचणाऱ्या बायांना विचारलं तर त्या तोंडाला पदर लावून हसतील. नियम करायला आम्ही काय पंचायत आहोत, म्हणतील. पण कुसुमच्या टोळीचा एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. वेचताना जी गोष्ट सांगेल, तिला बाकीच्या प्रत्येकीनं आपल्या ओटीतला मूठभर कापूस द्यायचा. कारण उघड होतं. सांगणारीचं तोंड पुढं पळतं आणि हात मागं राहतात. बोंड हातात तसंच, आणि गोष्टीतला राजा पार नागपूरला पोचलेला. मग संध्याकाळी काट्यावर तिचंच गाठोडं हलकं भरणार. दिवसभर जिनं हसवलं, उन्हाचा विसर पाडला, तिनंच मालकापुढं मान खाली घालायची, हे कुसुमला मुळीच पटत नसे. म्हणून ही मूठ. गोष्टीची मूठ. तिला दान म्हटलेलं कुसुमला खपत नसे. ती हक्काची होती.

कुसुम या टोळीची म्होरकी. सौंसर तालुक्यात बोरगावच्या बाजूला जी लहानमोठी गावं आहेत, त्यांतल्या एका गावाच्या बौद्ध वस्तीत तिचं घर. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, अक्षरओळख जेमतेम, आणि राग म्हणाल तर नाकावर बसलेला. मात्र तो कोणावर काढायचा आणि कोणापुढं गिळायचा, हेही तिला चांगलं ठाऊक होतं. गरीब बाईला तेवढं शहाणपण लागतंच.

टोळीतली गोष्टीवेल्हाळ म्हणजे रूपाली. तिच्या तोंडून साधी बाजारहाटाची हकिकत ऐकली तरी वाटावं, ही चंद्रावर जाऊन आली. दिवाळीनंतरच्या पहिल्या वेचणीला, गुणवंता पाटलाच्या वावरात, तिला नवी गोष्ट सापडली होती.

"तर बायांनो, पांढुर्ण्याची ते अर्चना," रूपालीनं बोंड खुडता खुडता सुरुवात केली. "आपल्या वामनभाऊच्या भाच्याची, कुणालची बायको. नवरा सरकारी नोकरदार, सोन्यासारखा. पन हिचा तोरा पाहा. सासूनं भाजीत मीठ कमी म्हटलं त हे बाई रागानं जिन्यावरून धाडधाड उतरली. उतरता उतरता पाय सटकला. गडगड गडगड खाली! हात मोडला. अन् वरून नवऱ्यानंच मोडला म्हनून घर सोडून गेली."

बाया हसल्या. जिन्यावरून गडगडणं रूपालीनं असं काही हात वाऱ्यावर टाकून दाखवलं की कुसुमही हसली. शेजारच्या ओळीत एक नवीन पोरगी वेचत होती. टोळीतल्या मंगलाची भाची म्हणून सकाळीच आली होती, सव्वीस-सत्तावीसची, अबोल. मंगला स्वतः तिकडं दूर धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेला होती, नाहीतर तिनं रूपालीचं तोंड दाबलं असतं.

गोष्ट संपली तशी एकेकजण मूठ द्यायला आली. ती पोरगीही आली. तिनं उजव्या हातानं आपल्या ओटीतला कापूस काढला, रूपालीच्या ओटीत टाकला आणि म्हणाली, "गोष्ट चांगली सांगतली, मावशी. पन ते अर्चना म्हनजे मी आहो."

रूपालीचा चेहरा बोंडासारखा पांढरा पडला.

"अन् एक सांगू?" अर्चना म्हणाली. "आमच्या घराले जिना नाही. एकच मजला आहे, कौलाचा. सासरचे सांगतात का मी आंगनात पडली. पन तुमच्या गोष्टीत जिना बरा वाटला."

कुसुमला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पोरीच्या डाव्या हाताकडं पाहिलं. मनगट वाकडं बसलेलं, बोटं जेमतेम मिटत होती. कापूस वेचायला दोन हात लागतात. अशा हातानं ही दिवसभरात काय वेचणार आणि काट्यावर काय दाखवणार?

"उद्या गोष्ट तू सांगजो," कुसुम म्हणाली. विनंती नव्हे, हुकूमच होता तो. अर्चनाला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही.

आणि काय सांगायची ती पोरगी! पहिले काही दिवस स्वतःबद्दल अवाक्षर नाही. एक कोंबडी होती, तिला वाटायचं सूर्य तिच्यामुळंच उगवतो. एक म्हातारी होती, तिनं मरणाला दारात बसवून ठेवलं आणि भाकरी संपेपर्यंत थांब म्हणाली. बाया पोट धरून हसत आणि संध्याकाळी मुठी देत. तिचं गाठोडं इतरांच्या बरोबरीनं भरे. तुझ्या हातामुळं देतो, असं कोणी चुकूनही म्हटलं नाही. रूपालीची मूठ सगळ्यांत मोठी असे, आणि ती का, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग एका दुपारी, भाकरी खाऊन बाया पुन्हा ओळींना लागल्या तेव्हा, अर्चनानं न विचारताच सांगितलं.

"मले बहिनीकडे जायचं होतं, बारशाले. तो नाही म्हने. मी चौकट धरून उभी राहिली. त्यानं दार लावलं. हात मधात होता. पहिल्या डावाले मले वाटलं, चुकून लागलं असंन. मी हात काढलाच नाही, आता तो उघडन म्हनून. त्यानं उघडलं. माह्याकडे पाहिलं. अन् पुन्हा लावलं."

एवढंच. पुढं काही नाही. कोणी रडलं नाही, कोणी चुकचुकलं नाही. कुसुमनं आपली आख्खी ओटी सोडून तिच्यापुढं उपडी केली, आणि मग एकामागून एक सगळ्यांनीच. त्या दिवशी टोळीत फक्त अर्चनाचं गाठोडं काट्यावर चढलं. काटा धरणारा चक्रावला. कुसुम त्याला म्हणाली, "आज कापूस तिलेच लागला."

इथं वामनरावांबद्दल सांगायला हवं, आणि खरं तेच सांगायला हवं. वामनराव म्हणजे वस्तीतल्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. विहाराची एकेक वीट त्यांनी दारोदार फिरून जमवली होती. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ते ग्रंथ वाचत, आणि वाचत ते असे की बायांच्या डोळ्यांतून पाणी यावं. वाचन झालं की खीर. घरटी मूठभर तांदूळ पदराच्या गाठीला बांधून आणायचा, बाहेर दूध तापत असायचं, त्यात टाकायचा, आणि मग सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं. ही पद्धतही वामनरावांनीच पाडलेली. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या घराण्यावर, त्यानं जमवलेल्या सोयरिकीवर कोणी बोट ठेवलं की त्याला सोसत नसे. अर्चना-कुणालची सोयरीक त्यांनीच जमवली होती. कुणाल त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते कुसुमच्या दारात आले. कुसुमनं खाट टाकली, चहा ठेवला.

"कुसुम, उद्या पांढुर्ण्याहून पाहुणे येऊन राहिले," वामनराव म्हणाले. "समझौता करून टाकू. पोरगी तुह्या टोळीत आहे, तुह्या शब्दात आहे. तिनं फक्त उभं राहून म्हनायचं, माझं चुकलं. अन् नवऱ्याच्या मागं गाडीत बसायचं. बस्स."

"अन् तिचा हात, भाऊ?"

"हात बरा होते. घर मोडलं त बरं होत नाही. अन् वावरात काय काय गोष्टी चालतात ते येते माह्या कानावर. घरातलं घरात राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "माघात तुह्या लेकीचं लग्न विहारातच लावायचं आहे ना? मीच लावून देईन. काही कमी पडू देनार नाही."

कुसुम हो म्हणाली. काय करणार? लेकीचं लग्न ठरलेलं, पाहुण्यांना तारीख गेलेली. वामनराव गेल्यावर तिनं तो कप इतका घासला की दांडीच निघून हातात आली. स्वतःचाच इतका संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

सांजेला ती मंगलाच्या घरी गेली आणि अर्चनाला सगळं सांगितलं, लग्नाच्या धमकीसकट.

"तुमी काय म्हनता, मावशी?" अर्चनानं विचारलं.

नको जाऊ म्हणावं तर लेकीचं लग्न डोळ्यांसमोर, जा म्हणावं तर ते दार.

"मी उद्या विहारात येतो," अर्चनाच म्हणाली. "माझं चुकलं, हे तोंडातून निघनार नाही. गोष्ट सांगाची असंन त सांगीन. मंग जे होईन ते होईन."

घरी परत येताना कुसुम रूपालीच्या दाराशी थांबली. मग पुढच्या दाराशी. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारात ती एवढंच म्हणाली, "उद्या पोरगी विहारात गोष्ट सांगनार आहे. टोळीचा नियम ध्यानात आहे ना?"

पौर्णिमेला विहार भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. वंदना झाली. वामनरावांनी ग्रंथ वाचला. मेलेलं लेकरू उराशी धरून औषध मागत फिरणाऱ्या आईची कथा त्या दिवशी आली होती, आणि त्यांनी ती नेहमीसारखी सुंदर वाचली. मग ग्रंथ मिटून ते माईकवर म्हणाले, "आज एक आनंदाची गोष्ट आहे. तुटलेला संसार आज बुद्धाच्या साक्षीनं जुळणार आहे. कुणाल, बोल बेटा."

कुणाल उठला. इस्त्रीचा सदरा, आवाज मऊ, चेहऱ्यावर दुःख अगदी मापात. "आमच्यात थोडा गैरसमज झाला," तो म्हणाला. "अर्चना रागाच्या भरात जिन्यावरून उतरत होती, पाय घसरून पडली. मी तिला दवाखान्यात नेलं, तिची सेवा केली. माझ्या मनात काही नाही. तिनं चूक मान्य करावी आणि घरी यावं."

जिना! टोळीतल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. दिवाळीनंतर गुणवंता पाटलाच्या वावरात निघालेला जिना दारोदार हिंडत, वाढत, पांढुर्ण्यापर्यंत जाऊन पोचला होता, आणि या पठ्ठ्यानं तो आयता आपल्या घराला लावून घेतला होता. अंगणात पडण्यापेक्षा जिना बरा. मोडलेल्या हाताला शोभतो.

"अर्चना," वामनराव म्हणाले, "उठ बेटा. बोल."

अर्चना उठली. "मी गोष्ट सांगतो," ती म्हणाली. "मले बहिनीकडे जायचं होतं, बारशाले..."

"गोष्टी नाही." वामनरावांचा आवाज चढला. "गोष्टी वावरात सांगायच्या. इथं धम्माचं काम चालतं. एवढंच म्हण, माझं चुकलं."

अर्चना थांबली. कुसुमनं रात्रभर एक भाषण घोळवून ठेवलं होतं, चांगलं जोरकस. ते सगळंच्या सगळं ती त्या क्षणी विसरली. लेकीचं लग्न आठवलं. तरी ती उठली. तिनं समोरच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"वामनभाऊ, आताच तुमी वाचलं," ती म्हणाली. "लेकरू मेलं म्हनून ते माय रडत आली. त तिले बुद्धानं म्हटलं का, चूप बस, हे धम्माचं ठिकान आहे? नाही म्हटलं. म्हटलं, घरोघर जाय अन् मूठभर तीळ घेऊन ये..."

"मोहरी, मावशी," मागून रूपाली कुजबुजली.

"मोहरी का तीळ, काय फरक पडते!" कुसुम खवळली. "घरोघर काहून धाडलं तिले? लोकाईचं ऐकाले धाडलं! दारादारात लोकाईनं आपलं आपलं दुःख सांगतलं, तवा ते मानूस झाली. तुमी वाचता, आमी रडतो. अन् इथं जित्ती बाई उभी आहे, तिचं ऐकाचं नाही? मंग कायले वाचता?"

"कुसुम, खाली बस. लेकीचं लग्न..."

"लग्न वावरात लावीन! कापसाच्या वखारीत लावीन! पन पोरगी बोलन."

वामनरावांनी माईक बंद केला. ही त्यांची मोठी चूक. ज्या बाया उघड्या वावरात चार ओळींपलीकडं ऐकू जाईल असं बोलतात, त्यांना माईकचं काय कौतुक? अर्चनानं पहिल्यापासून सुरुवात केली. बारसं. चौकट. दार. दार उघडणं. त्याचं पाहणं. पुन्हा दार. शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही प्रत्येक शब्द ऐकू गेला.

"खोटं आहे!" कुणाल ओरडला. आता आवाज मऊ नव्हता. "ती जिन्यावरून पडली. सगळ्या वस्तीला माहीत आहे."

"सगळ्या वस्तीले माहीत असंनच," रूपाली ताडकन उभी राहिली. "तो जिना मी बांधला! गुनवंता पाटलाच्या वावरात, बोंडं खुडता खुडता. गोष्टीत रंग भरावा म्हनून. माहा जिना वापस दे, जावईबापू!"

कोणीतरी फसकन हसलं. वामनराव कडाडले, "रूपाली! वावरातल्या बाईच्या शब्दाले इथं काय..."

"माह्या शब्दाले त किंमत आहे ना?"

हा आवाज पहिल्या ओळीतून आला. सुचिताबाई उठत होत्या. वामनरावांची बायको. विहारात नेहमी पहिल्या ओळीत बसायच्या, आणि त्यांचा आवाज वंदनेच्या पलीकडं कोणी कधी ऐकलेला नव्हता. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, रागानं नव्हे; फार दिवस वाट पाहून थकलेल्या बाईनं पाहावं तसं.

"नणंदेच्या घरी मी दरसाल जातो," त्या म्हणाल्या. "त्या घराले जिना नाही. तुमी बी जाता. तुमाले बी माहीत आहे."

वामनरावांनी मिटलेला ग्रंथ हातात घेतला.

सुचिताबाई चालत अर्चनापाशी आल्या. पदराची गाठ सोडली, खिरीसाठी आणलेला तांदूळ मुठीत घेतला आणि अर्चनाला म्हणाल्या, "पदर पसर, बाई." आणि तो तिच्या पदरात टाकला.

नियम कुसुमनं टोळीतल्या दारांवर सांगितला होता, या बाईच्या दारावर ती फिरकलीसुद्धा नव्हती. मग ती स्वतः पुढं झाली. तिच्यामागं रूपाली, मंगला, मग सगळी टोळी. मग ज्या कधी कापूस वेचायला आल्या नाहीत त्याही. बायांमागून दोन-तीन पुरुष उठले, खिशातल्या तांदळाच्या पुड्या काढत, खाली मान घालून. अर्चनाचा पदर भरून जड झाला, तेव्हा मंगलानं खालून दोन्ही हातांनी तो तोलून धरला.

कुणालकडं कोणी पाहत नव्हतं. तो पाहुण्यांना घेऊन निघाला. गाडीचा आवाज आला आणि विरला.

तेवढ्यात बाहेरून खीर करणाऱ्यानं हाक मारली, "अरे, तांदूळ आना ना! दूध आटून राहिलं!"

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. गावभराचा तांदूळ अर्चनाच्या पदरात होता.

अर्चना बाहेर आली, चुलीजवळ उभी राहिली. तिच्या मागून सगळा विहार बाहेर आला, वामनरावही. कुसुमला वाटलं, आता ही तांदूळ घेऊन सरळ घरी गेली तरी कोण काय म्हणणार? हक्काचाच आहे. पण अर्चनानं पदर सोडला आणि सगळा तांदूळ दुधात गेला.

"खीर शिजाले वेळ लागते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तवरिक बाकीची गोष्ट सांगतो. दार त फक्त शेवटचं होतं. त्याच्या आधीचं लय आहे. ज्याले ऐकाचं नसंन, त्यानं खिरीची वाट पाहू नये."

बाया मातीतच बसल्या. पुरुष बसले. वामनराव उभे होते, एकटे, हातात मिटलेला ग्रंथ. पांढुर्ण्याच्या वाटेकडं त्यांनी एकदा पाहिलं, मग बसलेल्या बायकोकडं. सुचिताबाईंनी त्यांच्यासाठी जागा केली नाही. पण थोड्या वेळानं ते आपणच खाली बसले, सगळ्यांत मागं, जिथं उशिरा येणारे बसतात तिथं.

कुसुमनं खिरीतला डाव हातात घेतला आणि ढवळू लागली. सगळ्यांत मागं बसलेल्या वामनरावांकडं तिचं लक्ष होतं.

"सांग वं पोरी," ती म्हणाली. "मी घाई नाही करत."